किल्ली कोणाच्या खिशात?

अर्थशास्त्राचे अध्यापन करीत असताना पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना दरवर्षी एखाद्या औद्योगिक वसाहतीत घेऊन जाण्याचा माझा परिपाठ होता. पुस्तकात वाचलेले 'उत्पादनाचे घटक' प्रत्यक्षात कसे दिसतात, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे, एवढाच त्यामागे हेतू असे. १९९० च्या सुमारास भोसरीतील एका लहानशा कारखान्यात आम्हांला एक वयस्क टर्नर भेटले. हातात ड्रॉइंग घेऊन ते घाईने ऑफिसच्या दिशेने निघाले होते आणि ड्रॉइंगवर एके ठिकाणी त्यांनी लाल पेन्सिलीने खूण केली होती. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, "ही भिंत एवढी पातळ ठेवली तर कापताना थरथरणार. साहेबांना सांगून येतो." पंधरा-वीस मिनिटांनी ते परत आले, तेव्हा कागदावरचे माप बदललेले होते आणि त्याखाली डिझाइन करणाऱ्या साहेबांची सही होती.

निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून त्याच वसाहतीतील दुसऱ्या एका कारखान्यात जाण्याचा योग नुकताच आला. आता तेथे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी, 'सीएनसी' म्हणून ओळखली जाणारी यंत्रे होती. यंत्रावर आय.टी.आय. झालेला एक तरुण उभा होता. तो कंत्राटदाराचा माणूस होता. यंत्राच्या पॅनेलवर किल्लीचे एक छिद्र होते. ती किल्ली फिरवल्याशिवाय यंत्रातील प्रोग्रॅममध्ये अक्षरही बदलता येत नाही आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात असते, असे त्याने सांगितले. यंत्राचा आवाज मध्येच कर्कश होत होता. मी त्याविषयी विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "भिंत पातळ आहे सर, थरथरते. फीड कमी केला तर नीट कापेल. पण फीडला हात लावला की ते वरच्या स्क्रीनवर दिसतं आणि संध्याकाळी विचारणा होते." मग हा जॉब नापास झाला तर, असे मी विचारले. तो म्हणाला, "झाला तर झाला. प्रोग्रॅम त्यांचा आहे."

पस्तीस वर्षांच्या अंतराने ऐकलेली ही दोन उत्तरे माझ्या मनातून जात नाहीत. पहिल्या कारखान्यातील गरिबीचे वा घामाचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. नवे यंत्र मायक्रॉनच्या हिशेबात काम करते. वयस्क टर्नरांना ते कधीच साधले नसते आणि त्यांच्या फुप्फुसांत गेलेला लोखंडाचा कण व तेलाचा धूर कोणाच्याही वाट्याला येऊ नये. तथापि एक गोष्ट निश्चितपणे हरवली आहे. यंत्रापासून ड्रॉइंगपर्यंत जाणारी पंधरा मिनिटांची ती वाट बंद झाली आहे. ज्याला दोष दिसतो त्याला तो सुधारता येत नाही आणि ज्याला सुधारता येतो त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही. ही वाट कोणी बंद केली आणि ती पुन्हा उघडता येईल काय, हा या लेखाचा विषय आहे.

एकात्मीकरणाचे स्वरूप

पूर्वी कारखान्यात एखादी वस्तू घडताना ती अनेकदा कागदावर उतरत असे. डिझाइनर आकृती काढी, प्रक्रिया ठरवणारा त्यावरून कामाचा क्रम लिही, टूलरूममध्ये तिसरा कागद तयार होई, तपासणीस चौथा. प्रत्येक वेळी नवी नक्कल आणि प्रत्येक नकलेबरोबर नवी चूक. संगणकाने हा कागद हटवला. एका बाजूने पडद्यावर आकृती काढण्याचे तंत्र आले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये सिद्ध केलेली 'स्केचपॅड' ही प्रणाली त्याचा आरंभ मानली जाते. दुसऱ्या बाजूने, त्याच संस्थेत त्याआधी एका तपाहून थोड्या कमी काळात, आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र तयार झाले होते. आकृतीकडून आलेला प्रवाह आणि यंत्राकडून आलेला प्रवाह पुढे एकमेकांस मिळाले. जोसेफ हॅरिंग्टन यांनी १९७३ मध्ये 'कॉम्प्युटर इंटिग्रेटेड मॅन्युफॅक्चरिंग' याच नावाचे पुस्तक लिहिले आणि या संगमास नाव मिळाले. आज वस्तूची त्रिमिती आकृती संगणकात एकदाच तयार होते. हत्याराने कोणत्या मार्गाने कापावे हे त्याच आकृतीवरून ठरते, यंत्राला आज्ञा तिच्यावरून जातात, तयार भागाची मापे तिच्याशी ताडली जातात आणि कच्चा माल किती लागेल याचा हिशेबही तिच्यातून निघतो.

या व्यवस्थेत वेळ आणि पोलाद दोन्ही वाचतात, चुका कमी होतात. समाजवाद्याने यास विरोध करण्याचे काही कारण नाही. वाया जाणारे श्रम आणि वाया जाणारा माल ही समाजाचीच हानी असते. परंतु येथे एक प्रश्न उपस्थित होतो. डिझाइन आणि उत्पादन यांना जोडणारा हा सांधा एकाच दिशेने हलतो, की दोन्ही दिशांनी? वरून खाली आज्ञा जाते हे खरे. खालून वर अनुभव जातो काय?

विमानाची आखूड तार

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, कोट्यवधींच्या हिशेबाचाही आहे, हे पटावे म्हणून युरोपातील एक उदाहरण तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. एअरबस ही कंपनी फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि स्पेन या चार देशांतील कारखान्यांत विमानाचे भाग घडवते. ए-३८० हे तिचे दुमजली प्रवासी विमान. त्याच्या धडाचे मोठे भाग जर्मनीत हॅम्बर्ग येथे तयार होत, त्यांत विजेच्या तारांचे जुडगे तेथेच बसवले जात आणि मग ते जहाजाने, तराफ्याने व शेवटी रस्त्याने फ्रान्समधील तुलूझ या शहरी जोडणीसाठी जात. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा होत्या.

धडाचे भाग तुलूझला पोहोचले आणि जोडणीच्या वेळी असे आढळले की तारा पुरत नाहीत. पडद्यावर जुळलेल्या तारा प्रत्यक्षात आखूड पडत होत्या. कारणांचा शोध घेता असे निष्पन्न झाले की फ्रान्स व ब्रिटनमधील विभाग 'कॅटिया' या आरेखन-प्रणालीची पाचवी आवृत्ती वापरीत होते, तर जर्मनी व स्पेनमधील विभाग चौथ्या आवृत्तीवरच होते. तारेला वळण देताना ती किती लांब लागेल, याची माहिती एका आवृत्तीतून दुसरीत नीट उतरत नव्हती. त्यात काही ठिकाणी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा आल्या, त्यांचे वळण निराळे. शेवटी जर्मनीहून शेकडो कामगार तुलूझला पाठवण्यात आले आणि पहिल्या विमानांच्या तारा त्यांनी हाताने ओढल्या, कापल्या, पुन्हा बसवल्या. जगातील अत्यंत प्रगत म्हणून गाजलेले संगणकीय एकात्मीकरण अखेरीस तारकाम करणाऱ्यांच्या हातांनी निस्तरले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याची किंमत किती? विमान ग्राहकाच्या हाती पडण्यास सुमारे दोन वर्षांचा विलंब झाला. पहिले विमान १५ ऑक्टोबर २००७ रोजी सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले. मातृकंपनीने ऑक्टोबर २००६ मध्ये जाहीर केले की २०१० पर्यंतच्या नफ्यात या विलंबामुळे ४८० कोटी युरोंची घट येईल. आणि ही किंमत कोणी मोजली? फेब्रुवारी २००७ मध्ये कंपनीने 'पॉवर-८' नावाची काटकसरीची योजना पुढे केली व चार देशांत मिळून १०,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. मार्च महिन्यात कामगार रस्त्यावर उतरले. मातृकंपनीचे एक प्रमुख आदल्या वर्षी पद सोडून गेले होते. त्यांना जाताना ८० लाख युरोंहून अधिक रक्कम मिळाल्याचे याच सुमारास उघड झाले. प्रणालीची निवड ज्यांनी केली नव्हती त्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि ज्यांच्या अधिकारात निर्णय झाले ते गलेलठ्ठ थैली घेऊन घरी गेले. भांडवलशाहीत जोखीम भांडवलदार पत्करतो, म्हणून नफाही त्याचा, असे आम्ही पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे शिकवले. त्या सिद्धान्ताचे हे प्रात्यक्षिक आहे.

यावर कोणी म्हणेल, हा केवळ दोन आवृत्त्यांचा घोटाळा होता. सर्वांनी एकच आवृत्ती वापरली असती तर प्रश्नच उद्भवला नसता. हे अर्धसत्य आहे. चार देशांत एकच आवृत्ती का आली नाही? प्रत्येक देशाचे व्यवस्थापन आपला अधिकार राखण्यास जपत होते, म्हणून. संगणकांची एकी माणसांच्या एकीशिवाय होत नाही, असा याचा अर्थ आहे.

याच्या उलट उदाहरण बोइंग कंपनीच्या ७७७ या विमानाचे. जून १९९४ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. त्याचे संपूर्ण आरेखन याच 'कॅटिया'वर झाले. परंतु कंपनीने दोनशेहून अधिक संयुक्त गट नेमले होते आणि आकृती काढणाऱ्यांच्या शेजारी पहिल्या दिवसापासून उत्पादन विभागातील माणसे बसली होती. विमान कंपन्यांचे दुरुस्ती-कामगारही सल्ल्याला होते. प्रणाली एकच, एकीकडे तिच्याभोवती संवाद होता, दुसरीकडे भिंती होत्या. परंतु या चित्राचाही उत्तरार्ध सांगितला पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, बोइंगच्या यंत्रकामगारांना ६९ दिवसांचा संप करावा लागला आणि काम बाहेरच्या पुरवठादारांकडे देण्याचे धोरण हा त्यातील एक मुख्य मुद्दा होता. आकृती एकदा परिपूर्ण झाली की ती कोठेही पाठवता येते. कामगाराने आपले ज्ञान दिले, ते आकृतीत साठवले गेले आणि त्याच आकृतीच्या आधारे त्याचे काम दुसरीकडे नेणे सोपे झाले. संवाद होता, पण हक्क नव्हता. हक्काविना संवाद ही शोषणाचीच सुधारून काढलेली आवृत्ती ठरते.

यंत्राची कुंडली

सांधा एकाच दिशेने हलतो हा तंत्रज्ञानाचा स्वभावच आहे, असा समज पसरवण्यात आला आहे. इतिहास निराळे सांगतो. मिशिगन राज्यातील जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम करणारे उद्योजक. आकडेमोड करून यंत्राला बिंदू पुरवावेत, ही कल्पना त्यांची. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे कंत्राट मिळाले, काम मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेकडे गेले आणि १९५२ मध्ये संख्यानियंत्रित यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. परंतु त्याच काळात दुसरे एक तंत्र उपलब्ध होते. कसबी कामगाराने एक भाग स्वतः कापावा, त्याच्या हाताच्या हालचाली फितीवर नोंदवल्या जाव्यात आणि पुढे यंत्राने त्या फितीवरून तसेच भाग कापावेत, असे ते तंत्र. त्यात प्रोग्रॅम लिहिणारा कामगारच होता. अतिशय गुंतागुंतीचे आकार त्यातून निघाले नसते हे खरे. पण बहुतेक कारखान्यांतील बहुतेक काम तसल्या आकारांचे नसतेच. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या ग्रंथात दाखवले आहे की ते तंत्र मागे पडले, याचे एक मोठे कारण त्यात यंत्रावरील सत्ता कामगाराच्या हाती राहत होती, हे होय. नवे यंत्र बाजाराच्या मागणीने आले, असेही नाही. कारखानदार ते घेण्यास फारसे उत्सुक नव्हते. शंभराहून अधिक यंत्रांचा खर्च हवाई दलाने उचलला, तेव्हा ते रूढ झाले. ज्यास आपण मुक्त बाजाराचे अपत्य समजतो त्याचे पालनपोषण सरकारी तिजोरीतून झाले आहे.

नोबल यांनीच नोंदवलेला आणखी एक प्रसंग बोलका आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या लिन येथील कारखान्यात नवी यंत्रे अपेक्षेप्रमाणे चालेनात. खोळंबा फार होई, माल नापास होई. १९६८ मध्ये व्यवस्थापनाने एक प्रयोग सुरू केला. एका विभागातील कामगारांना कामाची आखणी, प्रोग्रॅममधील दुरुस्ती यांत वाटा दिला. प्रयोग चालू राहिला, कामगारांना तो आवडला आणि त्यांच्या संघटनेने तो इतर विभागांतही न्यावा अशी मागणी केली. त्यानंतर काही वर्षांतच व्यवस्थापनाने तो गुंडाळला. उत्पादन हवे होते. पण त्यासाठी अधिकार सोडावा लागत असेल, तर नको होते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. चार्ल्स बॅबेज यांना संगणकाचा आद्य कल्पक म्हणतात. त्यांनीच १८३२ मध्ये यंत्रे आणि उत्पादन यांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला आणि त्यात असे दाखवले की कामाचे तुकडे केले म्हणजे कुशल माणसाला केवळ कुशल तुकड्यापुरतेच दाम मोजावे लागते, उरलेले तुकडे स्वस्तातल्या माणसाकडून करून घेता येतात. गणकयंत्र आणि श्रम स्वस्त करण्याचे गणित ही दोन्ही एकाच मेंदूतून निघाली, हा योगायोग असेल. परंतु दीड शतकानंतर ती कारखान्यात पुन्हा एकत्र आली, हा योगायोग नाही. पॅनेलवरच्या त्या छिद्रात बॅबेज यांची किल्ली बसते.

दुसरी वाट होती आणि आहे

मग काय यंत्रे फोडावीत? तसे कोणी म्हणत नाही. कामगारांनी याहून शहाणी वाट दोन ठिकाणी दाखवून दिली आहे.

ब्रिटनमधील लुकास एरोस्पेस या कंपनीत सत्तरीच्या दशकात कामगार-कपातीचे सावट होते. तेथील विविध कारखान्यांच्या कामगार-प्रतिनिधींनी एकत्र येऊन जानेवारी १९७६ मध्ये एक पर्यायी योजना सादर केली. शस्त्रास्त्रांच्या भागांऐवजी त्याच यंत्रांवर, त्याच कौशल्याने आणखी काय घडवता येईल, याच्या सुमारे दीडशे कल्पना तिच्यात होत्या: मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी यंत्रे, उष्णता-पंप, पेट्रोल व वीज या दोन्हींवर चालणारे वाहन, रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे धावणारी बस. त्यांत दूरहस्ताची साधनेही होती, म्हणजे धोक्याच्या जागी काम करताना माणसाच्या हाताचे कौशल्य हिरावून न घेता ते दूरवर पोहोचवणारी. या योजनेच्या प्रमुख सूत्रधारांपैकी माइक कूली हे स्वतः डिझाइन इंजिनिअर होते आणि संगणकीय आरेखन त्यांनी आतून पाहिले होते. 'आर्किटेक्ट ऑर बी?' या आपल्या पुस्तकात त्यांनी असे मांडले की यंत्रावरील कामगाराचे जे पूर्वी झाले तेच आता पांढरपेशा डिझाइनरचे होऊ घातले आहे. संगणकाच्या वेगाशी बांधलेला डिझाइनरही कामगारच होतो. व्यवस्थापनाने योजना नाकारली. कूली यांना १९८१ मध्ये नोकरीवरून दूर करण्यात आले. आज वीज व पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या मोटारी आणि उष्णता-पंप यांचा जगभर खप आहे. कामगारांची बुद्धी कंपनीच्या पुढे कित्येक वर्षे धावत होती.

दुसरे उदाहरण नॉर्वेचे. क्रिस्टन नीगार्ड या संगणकशास्त्रज्ञाने ओले-योहान डाल यांच्यासह 'सिम्युला' ही भाषा निर्माण केली. आजच्या बहुसंख्य संगणक-प्रणाली ज्या विचारपद्धतीवर उभ्या आहेत तिचा पाया या भाषेने घातला आणि त्याबद्दल दोघांना २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. याच नीगार्ड यांनी सत्तरीच्या प्रारंभी लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर काम केले. कारखान्यात येणारी संगणक-प्रणाली कामगारांनी स्वतः अभ्यासावी, तिचे परिणाम स्वतः मांडावेत, यासाठी ते कामगारांसमवेत बसले. त्यातून १९७५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कामगार महासंघ व मालक संघटना यांच्यात 'डेटा करार' झाला. नवी प्रणाली आणण्यापूर्वी कामगारांना तिची माहिती समजेल अशा भाषेत द्यावी लागेल आणि या विषयासाठी कामगारांचा स्वतंत्र प्रतिनिधी असेल, हे त्यात मान्य झाले. त्यांनी किल्लीच्या बदल्यात भरपाई मागितली नाही. किल्ली कशी घडवायची याच्या चर्चेत जागा मागितली.

आपल्याकडील हिशेब

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या देशात हा विषय अपरिचित नाही. केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर होते आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. साठीच्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला. १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटनांनी यांत्रिकीकरणाविषयी करार केला आणि यंत्रांच्या वापरावर मर्यादा घातल्या. त्या लढ्यांची टिंगल आज सुशिक्षितांच्या बैठकीत होते; मी ती करणार नाही. बेकारीच्या देशात नोकरी जपणे हा मागासलेपणा नव्हे. परंतु आत्मपरीक्षण केले पाहिजे. यंत्र आणावे की नाही आणि आणल्यास किती, यावर आपण भांडलो. यंत्राच्या आत काय असावे, यावर आपण कधी भांडलो नाही. ते तज्ज्ञांचे क्षेत्र म्हणून सोडून दिले आणि सत्ता नेमकी तेथेच जाऊन बसली.

कायद्याचा आधार पुरता गेलेला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ नुसार, ज्या तांत्रिक बदलामुळे कामगार-कपात होण्याचा संभव आहे त्याची पूर्वसूचना देणे मालकावर बंधनकारक होते आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. पण तिची मर्यादा पाहा. कपात होणार असेल तर सूचना. कौशल्य जाणार असेल, निर्णयाचा अधिकार जाणार असेल, प्रत्येक मिनिटाची नोंद होणार असेल, तर सूचनेची गरज नाही. शिवाय कपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन याच संहितेने शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांपासून पुढे नेले. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज आणि शिरोली येथील अगणित लहान कारखाने त्याच्या कक्षेत येतच नाहीत.

त्या लहान कारखानदाराचाही विचार आपण केला पाहिजे, कारण या साखळीत तोही पुष्कळसा कामगारच आहे. मोठी कंपनी त्याच्याकडे आकृतीची फाइल पाठवते. ती उघडण्यासाठी मोठ्या कंपनीकडे असलेलीच महागडी प्रणाली, तीच आवृत्ती, तिचा वार्षिक परवाना त्याला घ्यावा लागतो. दोन ग्राहकांच्या दोन प्रणाली असतील, तर दोन परवाने. एअरबससारखी प्रचंड कंपनी जेथे आवृत्त्यांच्या फरकाने कोलमडली, तेथे दहा यंत्रांच्या कारखान्याची कथा काय? वास्तविक अशा आकृत्यांच्या देवघेवीसाठी 'स्टेप' नावाचे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ पासून अस्तित्वात आहे आणि कोणालाही मोफत वापरता येईल अशी 'फ्रीकॅड'सारखी मुक्त प्रणालीही आहे. सामाईक रस्ता बांधलेला आहे. मोठ्यांनी आपापल्या वाटांवर टोलनाके उभारले आहेत.

आणि सर्वांत कठीण गोष्ट शेवटी. सीएनसी यंत्रावर उभा असलेला तो तरुण कोणत्याच युनियनचा सभासद नाही. तो आज कंत्राटी आहे, काल शिकाऊ होता, सहा महिन्यांनी दुसऱ्या कारखान्यात असेल. कायम कामगारांच्या आपल्या संघटना वेतन-करार उत्तम करतात. पण या तरुणाला सभासद करून घेताना त्यांचा हात आखडतो. ज्याच्या हाताखाली नवे यंत्र आहे तो संघटनेबाहेर आणि संघटना जुन्या यंत्राभोवती, अशी ही विपरीत स्थिती आहे. ती आपणच बदलायची आहे. तेथे भांडवलदाराला दोष देऊन भागणार नाही.

मागायचे काय?

माझ्या मते चळवळीने चार मागण्या स्पष्टपणे मांडाव्यात. पहिली, कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक संगणक-प्रणालीची माहिती, कपात होवो न होवो, आधी आणि मराठीत मिळाली पाहिजे. आणि संघटनेचा एक प्रतिनिधी या विषयात कंपनीच्या खर्चाने प्रशिक्षित झाला पाहिजे. दुसरी, यंत्रावरील माणसाला बदल सुचवण्याचा अधिकार त्या प्रणालीतच असला पाहिजे. येथे आक्षेप येईल की प्रत्येकाने प्रोग्रॅम बदलला तर गुणवत्तेचा बोजवारा उडेल. विमान वा औषधयंत्रे यांच्या भागांत तर माणसांचे प्राण गुंतलेले असतात. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मागणी मनमानी बदलाची नाही. कामगाराने सूचना नोंदवावी, ती आकृती काढणाऱ्याच्या पडद्यावर जावी, तिला ठरावीक वेळात कारणासह उत्तर मिळावे आणि ती मान्य झाल्यास बदलाखाली सुचवणाऱ्याचे नाव राहावे. यंत्राची जी नोंद फीड कमी केल्याबद्दल विचारणा करण्यास वापरली जाते तीच येथे उपयोगी पडेल. मात्र शिक्षेसाठी तिचा वापर होणार नाही, असे करारात लिहिलेले हवे.

तिसरी, आय.टी.आय.च्या विद्यार्थ्याला केवळ बटण दाबणे न शिकवता आकृतीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी शिकवली पाहिजे. छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सार्वजनिक संस्था हे काम करू शकतात. ते कंत्राटी कामगारापर्यंत संध्याकाळच्या वर्गांतून पोहोचले पाहिजे. चौथी, सरकारी व सार्वजनिक उद्योगांच्या खरेदीत आकृत्यांची देवघेव मुक्त मानकातच व्हावी आणि प्रत्येक औद्योगिक वसाहतीत लहान कारखानदारांची सहकारी आरेखन-केंद्रे निघावीत. ज्या महाराष्ट्राने साखर आणि सूत सहकारात आणले त्याला आकृती सहकारात आणणे अशक्य नाही. अर्थात साखरेचे जे झाले ते टाळून.

या मागण्यांत क्रांतीचा गडगडाट नाही, हे मी जाणतो. परंतु उत्पादन-साधनांची मालकी हा आपला जुना प्रश्न आता नव्या रूपात पुढे आला आहे. यंत्र हे साधन होतेच; आता आकृती आणि प्रोग्रॅम हेही साधन झाले आहे आणि त्यात आपल्या बापजाद्यांच्या हातांचे ज्ञान साठवलेले आहे. ते ज्यांनी घडवले त्यांना त्यास हात लावण्याची मनाई असावी, हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय मूर्खपणाचेही आहे. तारा आखूड पडतात त्या याच मूर्खपणामुळे.

निघताना मी त्या तरुणाला विचारले होते, "तुला हे कोणाला सांगावेसे वाटत नाही?" तो म्हणाला, "सांगायचं कोणाला, सर?" या प्रश्नाचे उत्तर मालकाकडून येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पुढच्या शाखा-बैठकीत औद्योगिक वसाहतीतील अशा दोन तरुणांना बोलावून, सभासदत्वाची अट न घालता, त्यांना आधी बोलू द्यावे. आपण नुसते ऐकावे. कामाला तेथून सुरुवात होईल.